आधी ड्रायव्हरनं बोलायचं

कुमुदिनी सायकलवर बसली की पुरसवाकमच्या त्या गल्लीतली माणसं हातातलं काम सोडून बघायची. मद्रासला येऊन तिला सात वर्षं झाली होती, तरी बघायची. मिरजेची बाई, चाळिशीला टेकलेली, पाचवारीचा पदर कमरेला खोचून, चाकाला जाळी बसवलेल्या लेडीज सायकलवरून नवऱ्याबरोबर वीस-वीस मैल हिंडून येते, आणि येताना ना काही विकत आणते, ना कुठल्या देवाचा अंगारा, हे लोकांच्या पचनी पडण्यासारखं नव्हतंच. नवरा-बायकोनं मिळून काहीतरी कामच करावं, निदान भांडावं तरी, असा सगळ्या जगाचा समज असतो.

घरमालकीण राजसबाई तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. एवढं कुठं जाता, असं त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. कृष्णकांतनं सांगितलं, की आठवडाभर मी रूळ नेतील तिकडे जातो, सुटीच्या दिवशी तरी मनाला येईल तिथं वळू दे. तो एग्मोर स्टेशनाहून तंजावरच्या वाटेवरच्या विळुप्पुरमपर्यंत पॅसेंजर गाडी नेणारा ड्रायव्हर होता. मिरजेत फायरमन म्हणून कोळसा मारायला लागला तो हुबळीमार्गे इथवर पोचला होता. राजसबाईंना ते उत्तर काही पटलं नाही, पण माणूस पटला. महिन्यातून एकदा त्या माहेरी तंजावरला जायच्या, त्या कृष्णकांतचीच गाडी बघून. "तुझा नवरा इंजनांत असला की मला भय इल्लै," त्या कुमुदिनीला सांगायच्या. "विळुप्पुरम येईतों मी निवांत झोंपतें."

सुटी कधी मंगळवारी यायची, कधी रविवारी. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ही दोघं पहाटे डबा बांधून निघायची. कधी गिंडीच्या रानाकडेनं, कधी वेळच्चेरीच्या तळ्याच्या बांधावरून, आणि बहुतेकदा अड्यारचा पूल ओलांडून मिठाच्या होड्या चालतात त्या कालव्याच्या काठानं, थेट दक्षिणेला. घाई कसलीच नसायची. मूलबाळ नव्हतं, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आधी त्याचं दुःख झालं होतं, मग सवय झाली, आणि सायकली आल्यावर त्या सवयीला जरा चव आली.

या फिरण्यात कृष्णकांतनं इंजिनातली एक रीत आणली होती. इंजिनात ड्रायव्हरला समोर सिग्नल दिसला की त्यानं तो मोठ्यानं बोलायचा. "होम पडलाय," म्हणायचं, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलचा हात खाली आलाय, गाडी आत घ्यायला हरकत नाही. मग फायरमननं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी म्हणून. आधी ड्रायव्हर, मागून फायरमन. सायकलवर कृष्णकांत ड्रायव्हर आणि कुमुदिनी फायरमन. "पुढे म्हैस," तो ओरडायचा. "पुढे म्हैस," ती मागून ओरडायची. होडीचं शीड, ताडावर चढलेला माणूस, वाटेत पसरलेलं वाळवण, सगळं असं दोनदा बोललं जायचं. सुरुवातीला तिला हसू आवरायचं नाही. पुढं तिला हे नसेल तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

नेमकं कधी उलटं झालं ते तिला सांगता आलं नसतं. दिवाळीच्या सुमारास एकदा तिच्या ध्यानात आलं, की आज सगळा वेळ आपणच आधी बोलतोय आणि हे परत म्हणताहेत. तिला गंमत वाटली. पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम मोजलं. सतरा वेळा ती आधी बोलली, तो एकदाही नाही. गंमत तिथंच संपली. मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. पूर्वी पुढे जाणारा नवरा हल्ली मागे राहतो. समोरचं काही बघायचं झालं की कावळ्यासारखी मान तिरकी करतो. पेपर वाचून झाला म्हणतो, पण बातमी विचारली की कालचीच सांगतो.

आणि तो कागद. गेल्या वर्षी तिला चष्मा लागला तेव्हा रेल्वेच्याच इस्पितळात डोळे तपासले होते. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. कृष्णकांतनं तिला त्या ओळी उतरवून आणायला सांगितल्या होत्या. दर काही वर्षांनी ड्रायव्हर लोकांची तपासणी होते, तेव्हा उगाच धांदल उडते, म्हणून म्हणाला. मिरजेच्या शाळेत पहिल्या नंबरात असलेल्या कुमुदिनीनं सुवाच्य अक्षरात आठही ओळी लिहून दिल्या. नवऱ्याच्या हौसेला हातभार लावला, एवढंच तिला वाटलं होतं. आता जानेवारी लागला होता, तपासणी येत्या बुधवारी होती, आणि सकाळी अंघोळीच्या पाण्याबरोबर त्या आठ ओळी न्हाणीघरातून स्तोत्रासारख्या ऐकू यायच्या.

तरीही तिनं स्वतःची समजूत घातली होती, कारण इंजिनात सेतुमाधव होता. सहा वर्षं कृष्णकांतच्या जोडीचा फायरमन, पस्तिशीचा, शांत आणि घारीच्या डोळ्यांचा. तिथंही आता आधी तोच बोलत असणार, हे तिला न सांगता कळलं होतं. पण शनिवारी कृष्णकांतनं जेवताना सांगितलं, की सेतुमाधवला बढती मिळाली, सोमवारपासून तो दुसऱ्या गाडीवर जाणार. आपल्याला कुणीतरी नवीन देतील. एवढं बोलून त्यानं ताक मागितलं. कुमुदिनीच्या हातून ताक पानात कमी आणि पाटावर जास्त पडलं.

त्यात राजसबाई जिन्याशी येऊन सांगून गेल्या, की गुरुवारी तंजावरला निघायचं आहे. गाडी अर्थात कृष्णकांतचीच.

रात्रभर विचार करून तिनं एकच ठरवलं. रविवारी आपण बोलायचं नाही. काहीही दिसलं तरी बोलायचं नाही. कदाचित आपणच घाईनं आधी बोलतो म्हणून ते गप्प राहत असतील. माणूस मनाला फसवायला बसला की त्याला कारणांचा तोटा नसतो.

रविवारी अड्यारचा पूल ओलांडून ती दोघं कालव्याच्या काठाला लागली तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. तिनं चेन उतरल्याचं निमित्त केलं, खाली वाकली, आणि तुम्ही पुढं व्हा, म्हणाली. तो क्षणभर घुटमळला. मग निघाला.

एक होडी शीड लावून समोरून आली. तो काही बोलला नाही. काठावर म्हशी बसल्या होत्या, त्यांच्या पाठीवर बगळे होते. बोलला नाही. सुरूच्या काटक्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या चार बायका रांगेनं येत होत्या. ती जीव मुठीत धरून बघत राहिली. अगदी अंगाशी गेल्यावर त्यानं हँडल वळवलं. बायका बाजूला पांगल्या, एकीचा भारा पडला, आणि त्यांनी तमिळमध्ये त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो माफी मागत पुढं गेला. थोड्या वेळानं त्यानं मान न वळवता विचारलं, की आज तू गप्प का? घसा धरलाय, असं तिनं सांगितलं.

तिथं थांबायला हवं होतं. कळायचं ते कळलं होतं. पण खात्री हवी, अजून एकदा बघू, असं म्हणत ती पुढं गेली. हे तिनं स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही.

वाट सरळ होती. पुढं पावसाळ्यातल्या पुरानं काठ खचला होता, आणि कुणीतरी तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधलं होतं. तिला ते दोनशे पावलांवरून दिसलं. लालभडक, वाऱ्यावर फडफडणारं. सगळं आयुष्य लाल रंग बघून थांबण्यात गेलेला माणूस त्याच्याच दिशेनं जात होता. आता दिसेल, तिनं मनात म्हटलं. शंभर पावलं उरली. आता बोलतील. तिनं जवळजवळ प्रार्थनाच केली, की देवा, यांना एकदा 'पुढे लाल' म्हणू दे, मी मागून लगेच म्हणते. पन्नास पावलं उरली. त्याचे पाय त्याच लयीत पॅडल मारत होते. ती ओरडली तेव्हा उशीर झाला होता.

ती पोचली तेव्हा तो कंबरभर चिखलात बसला होता आणि सायकल त्याच्या अंगावर होती. कोपर फुटलं होतं. बाकी धडधाकट होता. ती पदर सावरत घसरतच खाली गेली आणि सायकल बाजूला ओढली.

"काय होतं?" त्यानं विचारलं.

"लाल फडकं. बांबूला बांधलेलं."

त्यानं फुटलेलं कोपर चाचपलं. मग म्हणाला, "तुला दिसलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"सोमवारपासून सेतुमाधव नाही, म्हणून."

त्यानं चिखलाचा हात तोंडावरून फिरवला. मग तो बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. कडेकडेचं दिसतं, म्हणाला. रुळाच्या कडा दिसतात, झाडं दिसतात. जिथं बघायचं नेमकं तिथंच धूर बसल्यासारखा डाग येतो. मान वळवली तर डागही वळतो. डिसेंबरात चिंगलपेटच्या अलीकडे, भरदिवसा, सिग्नल दिलेला नसताना तो गाडी घेऊन पुढं निघाला होता. सेतुमाधवनं त्याच्या अंगावरून हात टाकून ब्रेक ओढला. समोर मालगाडी उभी होती. सेतुमाधव कुणाला काही बोलला नाही, पण त्या दिवशी दोघांनाही घास गिळवला नाही.

"इंजिनाखेरीज मला काही येत नाही, कुमुद," तो म्हणाला. "ओळी पाठ आहेत. बुधवार निभावला की चार वर्षं कुणी विचारत नाही. नवा फायरमन तयार करीन मी."

तिला त्याची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, म्हणावं, करा. तिनं त्याच्या कोपराला रुमाल बांधला.

"बुधवारी तुम्ही पास झालात तर गुरुवारी मी राजसबाईंबरोबर तुमच्या गाडीत बसेन," ती म्हणाली. "इंजिनाला लागून असतो त्या डब्यात. आणि गुरुवारीच नाही. तुमची ड्यूटी असेल त्या दर दिवशी. फक्त मी त्यांच्यासारखी झोपणार नाही."

"वेडी आहेस का?"

"त्या ओळी मी लिहून दिल्यात. मग माझी जागा तीच."

तो तिच्याकडे बघत राहिला, मान तिरकी करून, म्हणजे तिचा चेहरा दिसावा म्हणून. काही बोलला नाही. परतीच्या सगळ्या वाटेवरही नाही, सोमवारी नाही, मंगळवारी नाही. त्या दोन दिवसांत तो रजेवर होता एवढाच तिला आधार. न्हाणीघरातून ओळी ऐकू येत नव्हत्या, पण त्या विसरण्यासाठी थोड्याच पाठ केल्या होत्या. मंगळवारी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

बुधवारी ती त्याच्याबरोबर पेरांबूरच्या इस्पितळापर्यंत गेली आणि बाहेर कडुलिंबाखाली उभी राहिली. आत तो भिंतीसमोर उभा असेल, डॉक्टर छडी ठेवत असतील, आणि तो घडाघडा म्हणत असेल, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एक तास गेला. दीड तास गेला. एवढा वेळ म्हणजे पास, की एवढा वेळ म्हणजे नापास, याचा तिनं दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला.

तो बाहेर आला तो सावकाश पायऱ्या उतरत.

"डॉक्टरांनी पहिल्या ओळीवर छडी ठेवली," तो म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, मला हा तक्ता तोंडपाठ आहे. दिसत मात्र काही नाही."

"मग?"

"मग काय, हसले बिचारे. आणि नंतर बराच वेळ माझ्या डोळ्यांच्या आत बघत बसले."

शेडमध्ये काहीतरी बसून करायचं काम देतील, त्यानं सांगितलं. इंजिन संपलं. कुमुदिनीनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारून जाणारी नर्स वळून बघायला लागली. राजसबाई सुखरूप तंजावरला जाणार होत्या. डबाभर माणसं, गाडीभर माणसं आपापल्या घरी पोचणार होती. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मग तिनं विचारलं, की डोळ्यांचं काय म्हणाले, चष्मा कधी मिळणार?

चष्म्यानं होण्यासारखं नाही, तो म्हणाला. आतला पडदाच झिजतोय. अशीच एक-दोन वर्षं. पुढं बारीकसारीक काहीच नाही, माणसांचे चेहरेसुद्धा नाहीत.

ती तिथंच कट्ट्यावर बसली. तीन महिने ती भीत होती. गाडीला भीत होती, सिग्नलला भीत होती, अनोळखी चारशे माणसांच्या जिवाला भीत होती. हे डोळे यांचे आहेत आणि जाणार आहेत तेही यांचेच, हे तिच्या मनात एकदासुद्धा आलं नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली आणि रडू फुटलं. तो शेजारी बसला. थोडा वेळ त्यानं तिला रडू दिलं.

"पुलिकतचं सरोवर आपलं राहूनच गेलंय," तो मग म्हणाला. "पस्तीस मैल आहे. तिथं हजारोंनी गुलाबी पक्षी उतरतात म्हणे. दोन दिवस काढून जाऊ. याच आठवड्यात."

तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमचं कोपर तरी बरं होऊ द्या," ती म्हणाली. "पक्षी मार्चपर्यंत असतात तिथं."

"पक्षी असतील गं," तो म्हणाला.