कोऱ्या रकान्यातला पाऊस

अल्लीपूरच्या ग्रामपंचायतीत सत्कारासाठी बोलावलेली कुंताबाई खुर्चीत टेकली तेव्हा चांगली खुशीत होती. भाजीपाला पिकवणारी, सातवी शिकलेली बाई. पण विद्यापीठाने हवामानबदलाच्या अभ्यासासाठी गावातून निवडलं ते तिलाच. तिच्या वांग्याच्या वाफ्याशेजारी पर्जन्यमापक बसवला, वही दिली आणि सांगून गेले, रोज सकाळी साडेआठला मोजायचं. दोन हजार चारपासून तीन पावसाळे तिने एक दिवस चुकवला नाही. सासरा वारला त्या सकाळीही आधी नळी पाहिली, मग रडायला बसली. बायांनी नावं ठेवली, ती ऐकून घेतली.

या अभ्यासात शेतीवाला होता, पाणीवाला होता, अर्थशास्त्रवाला होता, समाजशास्त्रवाली होती. चौघांची चार तोंडं, आणि चौघांचं मिळून एक धोरण सरकारला जाणार होतं. पावसाने ज्या गावाला सगळ्यात जास्त दगा दिला, त्याच्या नाल्यावर सिमेंटचा बंधारा. कुंताबाईच्या विहिरीला ऑगस्टातच तळ दिसायचा. तिला तो बंधारा हवाच होता.

पाणीवाले प्रभाकरराव त्यांचे प्रमुख. ते अहवाल वाचू लागले. "अल्लीपुरात पावसाचे मोठे खंड आढळले नाहीत. त्यामुळे बंधाऱ्यासाठी दुसऱ्या गावाची शिफारस केली आहे."

कुंताबाई उठलीच. "सायेब, पयल्या वर्साच्या जुलैत बावीस दिवस थेंब नोता! डोक्यावर पानी आनून वांगे जगवले मी."

प्रभाकररावांची विद्यार्थिनी रक्षा शेजारीच बसली होती; तिनेच तेव्हा कुंताबाईला वही आणून दिली होती. रक्षाने ती उघडली. ओळीने बावीस रकाने कोरे.

प्रभाकरराव समजूत घालावी तसे हसले. "बाई, ते दिवस तुम्ही मोजलंच नाही ना. रिकाम्या जागी आम्ही तालुक्याची सरासरी भरली. शास्त्रीय पद्धत आहे ती."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजलं नाही? रोज झाकण काढलं, वाकून डोळा लावला. नळी कोरडी, म्हणून रकाना कोरा. पाहुणा आलाच नाही तर त्याचं ताट कोण वाढतं? आणि या शहाण्यांनी तिच्या तहानलेल्या वाडीवर कागदातल्या कागदात पाऊस पाडला होता!

"शून्य लिहायचं होतं," प्रभाकरराव म्हणाले.

"कोनं सांगतलं होतं?"

पाणीवाल्याने शेतीवाल्याकडे पाहिलं, शेतीवाल्याने समाजशास्त्रवालीकडे. शेवटी रक्षाच पुटपुटली, "मावशी, मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." पोर निदान खरं बोलली.

"तीन वर्सं माया घरचा चहा पेले तुमी," कुंताबाईचा आवाज चढला. "एकाले तरी इचाराव वाटलं नाई, बाई, हे कोरं काऊन?"

"अहवाल मुंबईला गेलाय. पुढच्या प्रकल्पात नक्की..."

सरपंच शाल घेऊन पुढे आला. तिने त्याचा हात झटकला, रक्षाकडून वही ओढली आणि पेनासकट प्रभाकररावांपुढे आपटली. "भरा. सारे कोरे रकाने. तुमच्या हातानं शून्य लिवा, अन पानापानावर सही करा."

"बाई, हे वरातीमागून घोडं. बंधारा आता मिळायचा नाही."

"ठाऊक हाय मले. माई वाडी वाळन, तेबी ठाऊक हाय. पन कुंताबाईनं मोजलं नाई, असं कोनी म्हनाव नाई."

प्रभाकरराव उठून दाराकडे वळले. दारात कुंताबाईची शेजारीण मीराबाई आणि तिच्यामागे भाजीवाल्या वीसेक बाया उभ्या होत्या. कुणी तसूभर सरकेना. ते परत येऊन बसले.

"पाच जुलै," कुंताबाई म्हणाली. त्यांनी शून्य काढलं.

"सहा जुलै."

दहाव्या शून्याला त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"घड्याळ नोका पाहू, सायेब," ती म्हणाली. "अजून दोन पावसाळे बाकी हायेत."