खांद्यावर बल्ली असताना

रीनाने तो माफीनामा तिसऱ्यांदा वाचला आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं. म्हणे, ‘आमच्या डॉक्युमेंटेशनमधल्या संदिग्धतेमुळे आपली गैरसोय झाली.’ संदिग्धता! आठ वर्षं जिवाचं रान करून लिहिलेल्या पानांना हा शब्द. मजकूर लिहिला होता तिच्याबरोबर प्रकल्प सांभाळणाऱ्या रजतने, आणि खाली तिच्या नावासाठी जागा सोडली होती.

प्रकल्पाचं नाव ‘मुकादम’. वेबसाइटवर हजारो लोक एकदम आले की दाराशी उभं राहायचं आणि आलेलं काम मागच्या सर्व्हरांना वाटून द्यायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. घेणारे जगभर आहेत, निस्तरायला मात्र ही दोघंच.

तो वापरायचा कसा, याची पानं रीनाने लिहिली. उदाहरणातल्या सर्व्हरांना तिने नावं दिली कवडू, रंभा आणि लहानू. कवडू म्हणजे तिचे आजोबा, बाकीची दोघं त्यांच्याबरोबर राबणारी. लकडगंजच्या आरामशिनींवर, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यांत, चाळीस वर्षं त्यांनी खांद्यावरून लांबलचक लाकडी बल्ल्या वाहिल्या. तिथला एक नियम तिने त्यांच्या तोंडून ऐकून जसाच्या तसा पानात घातला होता: ‘कवडूच्या खांद्यावर बल्ली असेल तर त्याला हाक मारू नका. आधी उतरू द्या.’ कारण हाक आली की माणूस वळतो आणि बल्लीचं दुसरं टोक मागच्याच्या तोंडावर बसतं. म्हणजे, सर्व्हर बंद करायचा असेल तर त्याला नवीन काम देणं थांबवा, हातातलं पुरं होऊ द्या, मगच बंद करा. शाळकरी पोरीलाही कळावं इतकं सोपं.

पण एका बड्या कंपनीतल्या सुशील नावाच्या इंजिनिअरला ही नावं टोचली. ‘गावठी’ असं त्याने लिहिलं नाही, ‘व्यावसायिक वाटत नाहीत’ असं लिहिलं. अर्थ तोच. रीना नात्यातल्या एका लग्नासाठी दोन दिवस सावनेरला काय गेली, तेवढ्यात त्याने बदल करून पाठवला आणि रजतने भिडेखातर तो घेतलाही. कवडूचा झाला ‘सर्व्हर एक’. आता सर्व्हर एकला कुठला खांदा आणि कुठली बल्ली? ते वाक्य वायफळ ठरून उडालं. त्या जागी आलं, ‘योग्य ती काळजी घेऊन सर्व्हर बंद करावा.’

महिनाभरात त्याच कंपनीने योग्य ती काळजी घेऊन भर दुपारी सर्व्हर बंद केला. शेकडो लोक त्यांच्या वेबसाइटवरून दवाखान्यात नंबर लावत होते, सगळ्यांचे अर्ज अर्ध्यात तुटले. आणि सुशीलने तक्रार कोणाची केली? रीनाच्या पानांची. स्वतःच पुसायचं आणि लिहिलंच नव्हतं म्हणून वर ओरडायचं, याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं?

रजतचा फोन आला. एवढी मोठी कंपनी सोडून गेली तर मागोमाग बाकीचेही जातील, हेच त्याचं पालुपद. “माफीनाम्यावर नाव टाकून दे ना,” तो म्हणाला. “वाद काहून वाढवून राहिली?”

तिने फोन ठेवला. मनीषनगरच्या तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत कवडूआबाजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. कायची तणतण चालली आहे, असं त्यांनी विचारलं, आणि तिने भडाभडा सगळं सांगितलं. सर्व्हर त्यांना ठाऊक नव्हते, पण हाक ठाऊक होती. सोलणारे हात थांबले. एकदा मुकादमाने त्यांनाच हाक मारली होती. ते वळले आणि मागून येणाऱ्या लहानूचे पुढचे चार दात पडले. एवढं रीनाने लहानपणापासून ऐकलं होतं. पुढचं कधीच नाही.

“मंग आता चूक कोनाची निंगाली?” त्यांनी विचारलं.

“आपली म्हणतात, आबाजी.”

“तवाबी माहीच निंगाली होती. मुकादमानं लहानूची माफी मांगाले लावली मले, साऱ्या आरामशिनीसमोर.” ते हातातल्या शेंगेकडे बघत राहिले. “आन् मी मांगतली वं.”

चाळीस वर्षं वाहणाऱ्याने माफी मागायची आणि हाक मारणाऱ्याने मोकळं फिरायचं, याचा रीनाला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

ती आत गेली. माफीनामा पुसून टाकला. तिन्ही नावं परत घातली, ते वाक्यही घातलं आणि त्याखाली एक नवी ओळ लिहिली: ‘हाक मारल्यामुळे कोणाचे दात पडले, तर माफी हाक मारणाऱ्याने मागावी.’ सुशीलच्या तक्रारीला उत्तर म्हणून तिने तेवढी ओळच पाठवली आणि खाली सही केली: रीना, कवडूची नात.