समोरची बाजू

पडद्यावरचा फोटो दोन बोटांनी ताणत धाकट्याने पुष्पचक्राची कड गाठली. मनासारखं चक्र मिळालं, की वडिलांच्या अंत्यविधीला न जाताही गेल्यासारखं होणार होतं. हातातलं काम सुटणार नव्हतं आणि काकांच्या तोंडालाही परस्पर कुलूप लागणार होतं. एवढं सगळं पदरात पडायचं, तर डोळ्यांत तेल घालून निवडायलाच हवं.

त्याला फसवणं सोपं नव्हतं. दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. पहिल्या दुकानाने लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही चक्रांना एकच फोटो चिकटवला होता. दुसऱ्याने सगळी फुलं कॅमेऱ्याकडे वळवून पाठ बोडकी ठेवल्याची चहाडी भिंतीवरच्या सावलीने केली. तिसऱ्याचं चक्र भलंमोठं दिसत होतं, पण शेजारची खुर्ची लहान मुलाची होती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

चौथं दुकान पटलं. तिथे गिऱ्हाइकांनी घरी काढलेले फोटो होते. वाकडेतिकडे, अंधुक, म्हणजे खरे. पांढऱ्या गुलाबांचं चक्र मागवून त्याने ताईला फोन लावला. वडिलांचं दोन वर्षांचं दुखणं तिने एकटीने काढलं होतं.

"सकाळी नऊला येईल. दारातून दिसेल असं ठेव."

"ठेवते." ती म्हणाली, "अजून निघालास तरी पोचशील."

"काम अर्ध्यात टाकता येत नाही गं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी दहाला तो कपबशांवर दिवे लावत असताना घरच्या ग्रुपवर ताईने फोटो टाकला. चक्र गच्च भरलेलं होतं. पोराने बापाचा मान राखला, असं काकांनी लिहिलं. त्याला हायसं वाटलं.

सवयीने त्याची बोटं फोटो ताणू लागली.

फोन गुडघ्याइतका खाली धरलेला. खालची कड फोटोबाहेर, एका बाजूवर पडदा ओढलेला. गुलाबांच्या अधेमधे ताईच्या खिडकीतल्या कुंडीची पानं खोचलेली. आणि मधली सात-आठ फुलं गुलाब नव्हतीच. पांढरे कागदी रुमाल चुरगाळून दोऱ्याने बांधले होते. वाकडा फोटोही दुकानाला मुद्दाम काढता येतो, हे बारा वर्षांत त्याला सुचलं नव्हतं.

त्याने फोन केला.

"ताई, चक्र कसं आलं होतं?"

"चांगलं आलंय. सगळे म्हणताहेत. निघायची वेळ झाली, ठेवते."

ग्रुपवर मावशीचं येऊन पडलं होतं: 'फुलं सुरेख. पण ही पोरगी नऊपासून आतल्या खोलीचं दार लावून बसली होती. बापाजवळ बसायचं सोडून.'

त्याने एकेक करून दिवे मालवले. दुकानाचे पैसे दुकानाला पोचले होते, काकांना बघायला फुलं मिळाली होती, त्याचं नाव राहिलं होतं. वडिलांजवळचा शेवटचा तास तेवढा ताईचा गेला होता.