डिस्क आईच्या हातात

बायकोचा प्रबंध सात वर्षं चालला होता आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायचा होता. पाच वाजून एक मिनिटाने तिची नोंदणी रद्द होणार होती. मुदतवाढ तीनदा मिळाली होती. चौथ्यांदा मागायला गेली तेव्हा कारकुनाने मान वर न करता नुसतं "हं" केलं, आणि त्या "हं"चा अर्थ आम्हा दोघांना नीट कळला.

दुपारी बारा वाजता तिने हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली. लॅपटॉपच्या मते काहीच लावलेलं नव्हतं.

"दुसरी प्रत आहे ना?" मी विचारलं.

"आहे की."

"कुठे?"

"त्याच डिस्कवर."

एक हरवली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

मग आम्ही करायचं ते सगळं केलं. या भोकातून काढून त्या भोकात घातली. केबल बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग जरा अदबीने बंद केला आणि पाच मिनिटं थांबून चालू केला. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, आतून गुरगुर येत होती. म्हणजे जीव होता, फक्त ओळख द्यायची नव्हती.

दीड वाजता दुरुस्तीवाला आला. त्याने डिस्क कानाला लावून डोळे मिटले.

"फिरतेय. टकटक करत असती तर मी बसलोही नसतो."

"मग दिसत का नाही?" बायको म्हणाली.

"करंट कमी पडत असेल, ताई. नाहीतर आतला टाका सुटला असेल. नाहीतर लॅपटॉप नवा आणि ही जुनी. नव्यांना जुन्यांची ओळख नकोच असते."

एवढ्यात माझी आई टेबल पुसायला आली. आई रोज दोन वाजता टेबल पुसते. घराला आग लागली तरी टेबल पुसूनच बाहेर पडेल. तिने डिस्क उचलली आणि लॅपटॉपने 'टुण' केलं. डिस्क पडद्यावर हजर.

आईने डिस्क खाली ठेवली. पडद्यावरून गायब.

मग मी उचलली, बायकोने उचलली, दुरुस्तीवाल्याने आईचा अंगठा जिथे होता तिथेच आपला अंगठा ठेवून उचलली. ढिम्म. आईने उचलली की 'टुण'. एकदा आईने नुसती पदराने धरली, तरी 'टुण'.

"आजींच्या हाताला गुण आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. पावतीवर 'दोष: आढळला नाही. उपाय: आजी' असं लिहून तो निघून गेला.

आईला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, हातात डिस्क दिली. प्रबंध लॅपटॉपवर उतरवून घ्यायला गेलो तर डिस्क नाकारायची. संदर्भ ग्रंथालयासारखा तिचा खाक्या: काय वाचायचं, लिहायचं ते इथेच, घरी न्यायचं नाही. शेवटी तिथल्या तिथेच फाइल उघडायला लावली. त्यात दगडांचे चौदाशे फोटो असल्यामुळे ती तास-दीड तास उघडतच राहिली.

"सात वर्षं तुझ्या कागदांवरची धूळ झटकतेय मी," आई बायकोला म्हणाली. "आहे तरी काय त्यात?"

"दगडफूल, आई."

"म्हणजे?"

"भिंतींवर, दगडांवर करडे-हिरवे पापुद्रे असतात ना, ते. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांचा एकत्र संसार असतो."

"स्वयंपाक कोण करतं?"

"शेवाळ."

"आणि बुरशी?"

"घर धरून बसते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी केबलकडे पाहिलं.

"आपल्याकडेही होतं, आई. नमुना क्रमांक बारा. पाच वर्षं छान वाढला आणि गेल्या वर्षी एका आठवड्यात नाहीसा झाला. हवेतल्या विषारी वायूंमुळे. सहावं प्रकरण सगळं त्याच्यावरच आहे."

"आपल्याकडे म्हणजे कुठे?"

"मागच्या भिंतीवर. नळाशेजारी."

"ते होय? ते मी घासलं."

तेवढ्यात पडद्यावर फाइल उघडली.

"तारेच्या ब्रशने," आई म्हणाली. "पाहुणे यायचे होते. ओंगळ दिसत होतं."

"सगळं?"

"अर्धवट घासायची मला सवय नाही."

चार वाजत आले होते. "कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो.

"मला कळलंय ना आता," बायको म्हणाली.

"आणि असलं खोटं मी हातात धरून बसणार नाही," आई म्हणाली. "आधीच खांदा भरून आलाय." आणि ती डिस्क टेबलाकडे नेऊ लागली.

"आई, ठेवू नका!" बायको किंचाळली. "काढते! सगळं काढते!"

तिने विषारी वायूंची एकतीस पानं उडवली. डोळे पुसत विचारलं, "तारीख काय होती?"

"रविवार. गॅस संपला त्याच्या आदल्या दिवशी."

"किती वेळ घासलंत?"

"भात शिजेपर्यंत."

बायकोने 'सुमारे वीस मिनिटे' असं टाइप केलं. मग एकदम थांबली. "आई, बाकीचे अकरा नमुने?"

"कुठे आहेत ते?"

"गावाबाहेरच्या टेकडीवर."

"मग ते तुझेच. माझा हात तिथवर पोचत नाही."

पावणेपाचला आईने मान लांब करून पडद्यात डोकावून पाहिलं. "माझं काय लिहिलंयस?"

"'स्थानिक घटक' लिहिलंय, आई. शास्त्रात तसंच लिहितात."

"घटक कोण? घासलं मी, आणि नाव घटकाचं? ठेवू का खाली?"

बायकोने 'स्थानिक घटक' खोडलं. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी प्रबंध गेला. पान दोनशे चौदा, ऱ्हासाच्या कारणांचा तक्ता: तापमान, आर्द्रता, सूर्यप्रकाश, सासू.