रक्तातले डोळे

पाड्यावर टीव्ही आला होता आणि टीव्हीवर माणसाचं रक्त वाहत होतं. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या पाड्यात फोनची रेंज मिळवायची तर टाकीवर चढावं लागतं. पण त्या दुपारी गावदेवाच्या झाडाखाली जनरेटर धडधडत होता, मांडव पडला होता आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर फिकट लाल टिकल्या एकमेकींना ढकलत पुढे सरकत होत्या. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यांना काय हसायचं? मी इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, तरी जिवंत पेशी हलताना दिसल्या की माझाही श्वास अडकतो. चमत्कार शंभर टक्के खरा होता, फक्त तो दाखवणारा माणूस लबाड होता.

त्याचं नाव यंत्रबाबा. अंगात सफारी, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षावर स्टेथोस्कोप. म्हणजे देव आणि डॉक्टर दोघांनाही एकाच माळेत ओवलेलं.

"हे जर्मन यंत्र आहे," तो माइकवरून सांगत होता, "आणि यात मी देवाची नजर बसवलीय. क्वांटम मंत्र म्हटला की रक्त जागं होतं. चांगल्या माणसाच्या रक्तात चंद्र दिसतो. भुताळीच्या रक्तात डोळा."

क्वांटमचा अर्थ त्याला विचारला असता तर बिचाऱ्याला घाम फुटला असता. पण विचारणार कोण?

मी आले होते माझ्या वर्गातल्या चिमीला बघायला. ती बरेच दिवस शाळेत आली नव्हती. मांडवात पुढेच गोधडीवर ती निजली होती. गुडघे सुजलेले, डोळ्यांत पिवळी झाक, आणि कोणी नुसता हात लावला तरी कळवळत होती. तिचा बाप हाल्या शेजारी मान खाली घालून बसला होता. गेल्या खेपेला बाबाने तिला पाणी मंतरून दिलं होतं आणि दुखणं ओसरलं होतं. असलं दुखणं येतं, जातं. गेलं तेव्हा श्रेय बाबाने घेतलं. आता ते दुप्पट जोराने परत आलं, तेव्हा बाबाला कोणाच्या तरी माथी ते मारणं भाग होतं. म्हणून त्याने घोषणा केली की पाड्यात भुताळी, म्हणजे नजर लावणारी चेटकीण, आहे आणि ती याच घरात वावरते.

घरात दुसरी होती कोण? हाल्याची विधवा वहिनी बारकी. चिमीची आई गेल्यापासून पोरीला तिनेच वाढवलं, रात्ररात्र तेल चोळलं. आता ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेले जवान पोरगे होते. रक्तात डोळे दिसले तर तिला पाड्यातून हाकलायचं, असं सकाळीच ठरलं होतं. हाकलणं कुठवर जातं हे मला ठाऊक होतं. मी टाकीवर चढून पोलिसांना फोन लावला. निघतो म्हणाले, पण रस्ता लांबचा होता.

आपल्याकडे पूर्वीपासून भगत सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचं कारण बघतो, आणि त्यासाठी कोंबडी द्यावी लागते. बाबाने सूप तेवढं बदललं. त्याच्या जागी सूक्ष्मदर्शक आला, त्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला टीव्ही. कोंबडी मात्र होती तशीच राहिली. देवापुढे ती कापायची, रक्त वाटीत धरायचं, बाबाने अंगठ्याने समोरच्याच्या कपाळाला टिळा लावायचा. मग सुईने बोट टोचून थेंब काचेवर घ्यायचा आणि त्यावर 'निळं तीर्थ' सोडायचं. याला कोणी हरकत घेईना, कारण कोंबडी ही ठरलेलीच असते. तिच्याकडे बघतो कोण?

आधी चौघा-पाचजणांचं रक्त झालं. सगळ्यांच्या रक्तात गोल, साधे चंद्र. मग बारकीला पुढे ढकललं. टिळा, सुई, थेंब, तीर्थ. पडद्याकडे बघून लोक एकदम मागे सरले. लांबट पेशी दिसत होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या पोटात गडद निळा ठिपका होता. शेकडो डोळे रोखून बघत असल्यासारखे.

"तिचे रगतात डोले हायत," कोणीतरी पुटपुटलं. हाल्या उठून उभा राहिला. बारकी स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. मला खरंच भीती वाटली, कारण तिलाही ते पटायला लागलेलं दिसत होतं.

पण त्या डोळ्यांच्या गर्दीत मला अधूनमधून गोल, बिनडोळ्याच्या पेशीही दिसत होत्या. एकाच बाईच्या अंगात दोन तऱ्हेचं रक्त? आणि मग आठवलं. बाकीच्यांचा थेंब बाबाने दुसऱ्या काचेच्या कडेने पसरला होता. बारकीचा थेंब त्याने अंगठ्याने पसरला, ज्या अंगठ्याने नुकताच टिळा लावला होता त्याच.

मी पुढे गेले. 

"महाराज, तुमचं यंत्र कधी खोटं बोलतं का?"

"कधीच नाय."

"म्हणजे ज्याच्या रक्तात डोळे, तो भुताळा? मग तो कोणीही असो?"

"कोणीही असो," बाबा माइकवर म्हणाला. सगळ्यांनी ते ऐकलं.

मी म्हटलं, मग हाल्याचंही बघू या, तोही त्याच घरात राहतो. बाबाने लगेच सुरू केलं की बाईमाणसाचा हात लागला तर यंत्राचं तेज जातं. तेव्हा पाड्यातला सगळ्यांत जुना माणूस, सुक्या आजा, काठी टेकत उठला. त्याची नात माझ्याच वर्गात आहे. "आमच्या पोरी शालेत हेच यंत्र बघतात," तो म्हणाला. "त्याचं तेज काय जात नाय. बाईंना करू द्या."

मी बाबाच्याच पुडक्यातली नवी सुई फोडली. वाटीत अंगठा बुडवून हाल्याला टिळा लावला, त्याचं बोट टोचलं, थेंब काचेवर पाडला आणि त्याच अंगठ्याने पसरला. वर निळं तीर्थ.

पडदा डोळ्यांनी भरला.

काठीवाल्या पोरांनी आधी हाल्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. हाल्या पांढराफटक पडला. "मी नाय," एवढंच तो म्हणाला. बारकी सकाळपासून तेच म्हणत होती.

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "हे डोळे तुझे नाहीत, कोंबडीचे आहेत." मग वाटीतला एक थेंब थेट काचेवर घेतला आणि त्यावर तीर्थ सोडलं. नुसते लांबट डोळेच डोळे. नंतर बारकीचा हात साबणाने धुतला, नवी सुई घेतली आणि कोणाचाही स्पर्श न होऊ देता थेंब काचेच्या कडेने पसरला, वर तेच तीर्थ. गोल, साधे चंद्र. मध्ये एखादीच निळ्या ठिपक्याची पेशी होती. ती पांढरी पेशी, आणि ती प्रत्येकाच्या रक्तात असते.

मग मी वर्गात सांगते तसं सांगितलं. आपलं अंग पेशींचं बनलंय. बहुतेक पेशींत एक केंद्रक असतं. पेशीने काय घडवायचं, कधी घडवायचं, त्याच्या सूचना तिथे असतात. बाबाच्या तीर्थातला निळा रंग तिथेच धरतो. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक शेवटपर्यंत राहतं. माणसाची लाल पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होताना ते बाहेर टाकते, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही टाकते आणि मोकळ्या जागेत हिमोग्लोबिन भरून घेते. टेंपोच्या सीटा काढून चिकूचे क्रेट भरतात ना, तसं. तेच हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. आणि काही घराण्यांत हे हिमोग्लोबिनच थोडं वेगळं असतं. मग पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात. त्याला सिकलसेल म्हणतात. तो आईबापांकडून येतो, कोणाच्या नजरेने येत नाही. चिमीला तेच असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. त्याची तपासणी दवाखान्यात होते, आणि तिथे तिला आजच्या आज न्यायला हवं होतं.

बाबा तोवर वायरी गुंडाळत होता. सुक्या आजाने पोरांना सांगितलं की त्याच्या गाडीपुढे बसा. पोलीस येईपर्यंत ती पोरं तिथून हलली नाहीत. कोणाला भुताळी ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. तो गुन्हा करणारा बाबा पोलिसांच्या गाडीत बसला, तेव्हा स्टेथोस्कोप खिशात घालायला विसरला नाही.

चिमीला दवाखान्यात न्यायला भाड्याच्या जीपमध्ये निजवलं, तर ती काकीचा हात सोडेना. हाल्या बारकीपुढे आला. म्हणाला, "वयनी, चल. ती तुझेबिगर जायची नाय."

"एक सांग," बारकी म्हणाली. "बाई आल्या नसत्या, तं माला पाड्यातून काढली असती ना?"

हाल्या काही बोलला नाही. मागे उभी असलेली माणसंही काही बोलली नाहीत. "पोरीसाठी येते," एवढं म्हणून बारकी जीपमध्ये चढली आणि चिमीचं डोकं मांडीवर घेतलं.

तिला उत्तर मिळालं नाही, म्हणून ते मी इथे देते. हो, काढली असती. आणि माझा राग बाबापेक्षा या 'हो'वर जास्त आहे. बारकीचं रक्त साधं निघालं म्हणून ती सुटली, असं कोणी समजू नये. तिला रक्त दाखवायला लावलं, इथेच आपण चुकलो. उद्या दुसरा लबाड दुसरं यंत्र आणील, आणि त्या दिवशी त्याची युक्ती ओळखणारं माणूस तिथे नसेल. तेव्हा एवढंच पक्कं लक्षात ठेवा: काचेखाली काहीही दिसो, भुताळी नावाचं कोणी नसतं. पोर दुखत असेल तर तिला दवाखान्यात न्या, आणि जिने तिला वाढवलं तिला सोबत घेऊन जा.