एका मताचा मेणा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, लंडनच्या संसदेत मेणबत्त्या लागत असताना, सर ह्यू थॉर्नबी यांचे सरकार एका मताने पडले. ते मत माझ्यात बसले होते.

मित्रांनो, मी एक जुना मेणा आहे. अक्रोडाचे लाकूड, वर काळे कातडे, आत निळी मखमल. सर ह्यू मंत्री झाले त्या वर्षी मला घडवले. पुढे वीस वर्षे मी त्यांना रोज राजवाड्यात नेले. माझे दोन भोई: डूगल पुढे, टेरी मागे. खजिना त्यांच्या हाती होता आणि राजा त्यांच्याच कानाने ऐकत होता. लोक त्यांना ‘प्रधानमंत्री’ म्हणत. तेव्हा ती पदवी नव्हती, शिवी होती. ती कानी पडली की साहेब पडदा ओढून घेत. मी रिकामा चाललो तरी माणसे टोप्या काढत. मला वाटे, हा मान माझा आहे.

त्या हिवाळ्यात साहेबांची माणसे फुटू लागली. एकेका मताची ओढाताण झाली, तेव्हा त्या मंगळवारी त्यांनी मला पेलिंग यांच्या दारी पाठवले. पेलिंग त्यांचे सभागृहातले सर्वांत जुने सोबती, पण तापाने अंथरुणाला खिळलेले.

त्यांची लेक मार्था दारात आडवी उभी राहिली. “बाबांना बसवतसुद्धा नाही. परत आणणार कोण?”

“आम्हीच, बाईसाहेब,” डूगल म्हणाला. “तासाभरात.”

“जाऊ दे गं,” आतून पेलिंग बोलले. “ह्यूला पहिलं मत मीच दिलं होतं.”

वाटेत टेरी कुरकुरला, “म्हातारा साहेबांपेक्षा जड लागतोय रे.”

“लागणारच. आज मत घेऊन बसलाय तो.”

मला सभागृहात दाराशी टेकवले. भोयांना आत थांबायची मुभा नसते. ते बाहेर गेले. तिथली रीत अशी, की मोजणीच्या वेळी एक बाजू उठून बाहेर जाते आणि दुसरी बसून राहते. दार लागले की आत जो असेल तो बसणाऱ्यांचा. त्या दिवशी साहेबांच्या बाजूने उठायचे होते. सगळे उठले. दुसरा कोणीतरी उचलील, असे प्रत्येकाला वाटले. साहेब माझ्या कातड्याला घासून गेले.

पेलिंग आतून माझ्या खिडकीची काच ठोकत होते. “अरे, मला घ्या. मी तुमचा आहे.”

दार लागले. मोजणाऱ्याने काच उघडून पडदा सारला आणि त्यांना विरोधकांत मोजले.

“तुम्ही तरी हाक मारायची होती,” साहेब नंतर म्हणाले.

“मारली होती, ह्यू.”

साहेब दुसऱ्या गाडीतून गेले. पुढे त्यांना उमराव करून वरच्या सभागृहात बसवले; तिथे मान फार, काम काही नाही. पेलिंग मात्र त्या रात्री माझ्यात गारठ्यात तसेच राहिले. भोई त्यांना शोधत आत आले, तेव्हा मेणबत्त्या विझवणे चालले होते. रविवारी ते वारले. मार्थाने मला अंगणातही टेकू दिले नाही.

तेव्हापासून मी तबेल्यात आहे. मखमलीवर कोंबड्या बसतात. टोपी कोणी काढत नाही.

मित्रांनो, आजारी माणसाला गरजेपोटी खांद्यावर आणाल, तर गरज सरल्यावरही खांदा द्या.

काल नव्या मंत्र्याचा माणूस आला होता. त्याने कोंबड्या हुसकावल्या, गादी दाबून पाहिली, काच पुसली. नेणार की नाही, ते बोलला नाही.