वय कुणी मोजलं?

मोशीच्या नव्या बिल्डिंगांच्या मागं अजून थोडं मोकळं रान शिल्लक आहे, तिथं माणसांची नुसती झुंबड उडाली होती. पहिली शिफ्ट सुटलेले लोक कंपनीचा शर्ट न बदलताच रांगेत उभे होते. बायकांच्या हातात तीर्थासाठी बाटल्या होत्या, पोरांच्या हातात मोबाइल होते. आणि मधोमध मंडपात, चांदीच्या ताटात, शेंदूर फासलेला एक काळा दगड उभा होता. वीतभर उंच, मनगटाएवढा जाड, आणि गोल म्हणाल तर असा गोल, की अंगावर खडबडीत जागा म्हणून सापडू नये.

हा दगड जमिनीतून निघाला होता. खणायची जागा भूगर्भानंद महाराजांनी स्वप्नात पाहिली, फावडं महाराजांच्याच शिष्यानं मारलं, आणि दगड पाच हजार वर्षांचा आहे हेही महाराजांनीच सांगितलं. स्वप्न त्यांचं, फावडं त्यांचं, आकडाही त्यांचाच! पण गर्दीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"पाच हजार वर्षांमागं लेथ मशीन होती का?" महाराज माइकवर गरजले.

"नव्हती!"

"लाइट होती का? मोटार होती का?"

"नव्हती!"

"मग हा पाषाण इतका गोल केला कुणी?"

"देवानं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी डोळे मिटले, मग एक किलकिला करून विचारलं, "कुणाला शंका असेल तर पुढं या. कंपन्यांत मोजमाप करणारी मंडळी आहेत ना इथं? या, मोजा. आमचा देव मोजायला घाबरत नाही."

ज्योतीराम पुढं गेला. धाराशिवकडचा माणूस, चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. सोबत बायको कस्तुरा आणि दहावीतली लेक दिव्या होती. जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर त्याच्या पिशवीत कायम असायचा, डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप असावा तसा. त्यानं दगड वर मोजला, मध्ये मोजला, खाली मोजला. तिन्हीकडं तोच आकडा. त्याच्या अंगावर खरोखर काटा आला.

"चोपन्न पूर्णांक सात मिलीमीटर," तो म्हणाला.

"चोपन्न!" महाराज ओरडले. "एकशे आठचा निम्मा! उरलेला निम्मा पाताळात आहे!"

आता बघा हं. कंपनीत पाव मिलीमीटर जास्त भरला तर अख्खा ट्रक माल परत पाठवणारा हा माणूस. लाइनवरची पोरं त्याच्या नावानं बोटं मोडायची. पण इथं सात दशांश मिलीमीटर डोळ्यांदेखत गायब झाले, आणि साहेबांनी चकार शब्द काढला नाही. कारण हजारभर माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कौतुकानं बघत होती.

"साहेब, हे माणसाच्या हातानं होईल का?" महाराजांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"नाही. हातानं होणं शक्य नाही."

तेवढं वाक्य संध्याकाळपर्यंत पार आळंदीपर्यंत पोचलं. 'कंपनीच्या इन्स्पेक्टरनं सिद्ध केलं' असा मथळा देऊन व्हिडिओ फिरला. आणि दुखणेकऱ्यांच्या रांगा लागल्या, कारण या दगडावरून ओघळलेलं तीर्थ म्हणे सगळ्या आजारांवर चालायचं. अट एकच होती. तीर्थ आणि डॉक्टरची गोळी एका पोटात नांदायची नाही.

आणि गोळी तर ज्योतीरामाच्याच घरात होती. दिव्याला सातव्या वर्षापासून फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. पोरगी सायकल चालवायची, कबड्डी खेळायची, बापाची टिंगल करायची. त्या दिवशीही घरी येताना म्हणाली होती, "पप्पा, देवाच्या वर्कशॉपमध्ये पण तुमच्यासारखा इन्स्पेक्टर असंल का हो? माल रिजेक्ट करणारा?" पण पाहुणे आले, की गोळ्यांची पाकिटं धान्याच्या डब्यामागं लपवावी लागत. उद्या पोरीचं लग्न कसं जमायचं, या घोरानं ज्योतीराम आतून पोखरला होता. गोळी कायमची सुटावी, एवढंच त्याला हवं होतं.

कस्तुरा कचरत होती. "आवं, डॉक्टरला एकडाव इचारू की. एकदम बंद करायची म्हंजे..."

"मी स्वतः मोजलंय, कस्तुरा. माझ्या हातानं."

यावर ती काय बोलणार? नवरा शिकलेला, मोजून बोलणारा. गोळ्या बंद झाल्या.

दिव्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मिनल मॅडमना ती वर्गात मध्येच हरवल्यासारखी दिसू लागली. हाक मारली तरी क्षणभर शून्यात बघायची. मॅडमनी गोळी बंद झाल्याचं तिच्याकडून काढून घेतलं आणि सरळ घर गाठलं.

"दादा, गोळी अशी एकदम तोडणं फार धोक्याचं असतं. आज आत्ता डॉक्टरांना फोन करा."

"मॅडम, तुम्ही पुस्तकातलं सांगता. मी मोजून सांगतोय."

"काय मोजलंत?"

"गोलाई. तिन्ही ठिकाणी एकच."

"बरं. आणि वय कुणी मोजलं?"

"महाराजांनी सांगितलंय ना," ज्योतीराम म्हणाला.

"दगड गोल आहे, मान्य. तो पाच हजार वर्षांचा आहे, हे कुणी तपासलं? बाबा म्हणतो म्हणून? ते एक वाक्य काढून टाका, मग चमत्कार उरतो का बघा. आणि समजा असलाच जुना, तरी जुन्या माणसांच्या हातात कसब नव्हतं हे कशावरून? कार्ल्याची लेणी बघितलीत ना? अख्खा डोंगर छिन्नीनं कोरलाय माणसांनी. त्यांचे कष्ट देवाच्या नावावर कशाला घालायचे?"

"पप्पा, मॅडमचं बरोबर वाटतंय," दिव्या हळूच म्हणाली.

ज्योतीरामाचा पारा चढला. खरं म्हणजे प्रश्न पटला होता, म्हणूनच चढला. "तू अभ्यास कर!" तो पोरीवर खेकसला, आणि मॅडमना चहासुद्धा न विचारता त्यानं दार दाखवलं.

अमावास्येला मंडपात मोठा अभिषेक होता. क्वालिटीवाले साहेब म्हणून ज्योतीरामाच्या घराला पुढची जागा. हलगी घुमत होती, धुपानं डोळे चुरचुरत होते. आणि दिव्या उभ्या जागी ताठ होऊन कोसळली. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला.

"संचार!" महाराज ओरडले. "देव उतरला पोरीत! कुणी शिवू नका! वाजवा रे!"

हलगी दुप्पट जोरानं वाजू लागली. बायका दिव्याच्या पायाशी नारळ ठेवू लागल्या. ज्योतीरामाला ठाऊक होतं ही फिट आहे. त्याच्याइतकं त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पुढं सरकला, दोघांनी त्याला धरलं, "साहेब, देवाचं काम आहे," म्हणाले, आणि तो थांबला. मेला थांबला! कुठंतरी मनात आलं, असेलही संचार, हा शेवटचा झटका असेल, मग पोरगी कायमची बरी होईल.

झटके थांबेनात. शेवटी कस्तुरानं किंकाळी फोडली, दोन माणसांना ढकललं आणि लेकीला उचललं. रिक्षानं दवाखाना गाठला तेव्हा दिव्याचे ओठ निळे पडले होते.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं. कस्तुरानं नवऱ्याकडं बघितलं, आणि डॉक्टरांना उत्तर कळलं. त्यांनी हातपाय मारायचे तेवढे मारले. तिसऱ्या दिवशी दिव्या गेली. पंधरा वर्षांची पोर, वर्षानुवर्षं एकही फिट न आलेली, एका दगडापायी गेली.

महाराज सांत्वनाला आले नाहीत. माइकवरून मात्र म्हणाले, की देवानं तिला आपल्याकडं बोलावून घेतलं, पोरगी भाग्याची. गर्दीनं हात जोडले.

दिवसकार्य उरकलं, आणि ज्योतीराम कामावर निघाला. कस्तुरा त्याच्याशी बोलत नव्हती. डबा भरून द्यायची, तोही न बघता. मंडपासमोरच्या रस्त्यापलीकडं नव्या टॉवरची साइट होती. तिथं तिवईवर एक मशीन घरघरत होतं, आणि दोघं माणसं जमिनीतून लांब नळी ओढून काढत होती. नळीवर हातोडी ठोकली, तसा आतून काळ्या दगडाचा एक दंडगोल घसरत बाहेर आला. वीतभर, मनगटाएवढा जाड, गुळगुळीत.

ज्योतीरामानं गाडी तिथंच आडवी टाकली.

"हे काय आहे?"

साइटवरचा इंजिनिअर बुद्धभूषण म्हणाला, "कोअर. पाया घालायच्या आधी खाली खडक कसा आहे ते बघावं लागतं ना? नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती गोल फिरत आत जाते, मधला दगड असा कापून निघतो. काम झालं की कुणी विचारत नाही यांना. पडलेले असतात कोपऱ्यात."

ज्योतीरामानं तो उचलला. त्यानं व्हर्नियर लावला. चोपन्न पूर्णांक सात.

"सगळीकडं हेच माप येणार," बुद्धभूषण म्हणाला. "मोशी काय, चाकण काय. नळीच तेवढी असते. साहेब, काय झालं? बसा, पाणी घ्या."

ज्योतीराम खडीच्या ढिगावर बसला आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला. हातानं होणं शक्य नाही, हे त्याचं वाक्य खरं होतं. ते मशीननं झालं होतं. ज्या मशीनवर त्याचं आयुष्य गेलं, तसल्याच एका मशीननं! आणि दगड पाच हजार वर्षांचा, हे गृहीत धरल्यावर मशीन त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

रविवारी भर दुपारी तो मंडपात गेला. साहेब आले म्हणून शिष्यांनी वाट करून दिली.

"पुन्हा मोजायचंय, महाराज," तो म्हणाला.

महाराज खूश झाले. ज्योतीरामानं देवाचा दगड उचलून अभिषेकाच्या बादलीत घातला, शेंदूर खरवडून धुतला. मग पिशवीतून तसलेच चार काढले, तेही बादलीतच टाकून सगळे एकत्र घोळवले आणि पाचही दगड ताटात ओळीनं उभे केले.

"यातला देवाचा कुठला?"

"दे... देवाची परीक्षा घेतोस?"

"तुम्हीच म्हणाला होता, देव मोजायला घाबरत नाही."

गर्दी पुढं रेटली. महाराजांनी घाम पुसला, मंत्र पुटपुटला आणि मधल्यावर बोट ठेवलं. ज्योतीरामानं तो उलटा केला. बुडाला त्याच्या मार्करची निळी फुली होती.

"हा परवा निघालाय. समोरच्या साइटवर."

मोशीचे जुने शेतकरी उद्धवराव काठी टेकत पुढं आले. "अवं, रोज ज्याच्याशी बोलता त्यो देव वळखंना व्हय? आन आता मलाबी सांगू द्या. दाढी नव्हती तवा ह्योच गडी नारळ घिऊन बिल्डरास्नी पान्याची जागा दावत हिंडायचा. असल्या साइटींवरच पडीक आसायचा. मला संशय व्हता, पर येवढ्या गर्दीफुडं तोंड उघडाया भ्यालो."

शिष्य मागच्या मागं सटकू लागले. महाराजांनाही कुणी थांबवलं नाही, लोक अजून ताटाकडंच बघत होते. ज्योतीरामानं माइक घेतला.

"माझा व्हिडिओ बघून तुमच्यातले किती जण इथं आले, मला माहीत नाही. माझं माप बरोबर होतं. पण दगड कधीचा, हे मी तपासलं नव्हतं, आणि न तपासलेल्यावर मी माझी पोर ठेवली. कुणी म्हणालं, 'मग हे केलं कुणी?' तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी विचारा, हे जुनं आहे हे कशावरून? विचारायला लाजू नका. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस, ज्याचं त्यात काहीतरी असतं. आणि गोळी..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत रांगेतून एक बाई पुढं आली. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, मान टाकून झोपलेली.

"साहेब, तुमचा व्हिडिओ बघून हिची फिटची गोळी बंद केली मी. आता आज डबल देऊ का? तुम्ही सांगा."

सगळे त्याच्या तोंडाकडं बघू लागले, पहिल्या दिवशीसारखेच. ज्योतीरामानं माइक खाली ठेवला.

"मला नका विचारू, ताई. मला त्यातलं काही कळत नाही. चला, डॉक्टरांकडं चला. आत्ता."

त्यानं झोपलेली मुलगी अलगद आपल्या खांद्यावर घेतली आणि बाईला घेऊन तो रिक्षा शोधायला निघाला.